भिंतीवरची माणसे

माढ्यातले आमचे घर मातीचे. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, पोपडाच सुटतो. म्हणून सगळ्या तसबिरी तुळईखालच्या एकाच लाकडी पट्टीला, जराशा पुढे झुकवून टांगलेल्या. खाली घोंगडीवर बसलेल्याला नीट दिसाव्यात. मधोमध पंढरपूरहून आणलेले विठ्ठल-रखुमाई, शेजारी लक्ष्मी. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि असे रंगीत देव स्वस्तात घरोघरी पोचू लागले. त्यांच्या खाली मोरबीचे अजंठा घड्याळ, दहा मिनिटे पुढे. कुर्डूवाडीची गाडी चुकू नये म्हणून. (गाडी स्वतः कुठे वेळेवर येते!)

उजवीकडे हार घातलेले आजोबा. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठे केलेले. खांद्यावर परक्याचा हात तसाच राहिला आहे. आजीचा फोटो कुणी काढलाच नाही.

यंदा अण्णांनी पट्टीवर एक खिळा रिकामाच ठोकून ठेवला आहे, माझ्या पदवीच्या फोटोसाठी. आमच्यात दहावीपुढे कुणी गेले नाही. अजून दीड वर्ष आहे, अभ्यासाला बसलो की तो खिळा नेमका समोर येतो.

आईला म्हटले, "तुझा लावू या."

"जित्या माणसाला भितीवर कशाला टांगायचं?"

"मग माझा कसा चालतो?"

"तू शिकतुयास न्हवं!"

दिवाळीत तिला फोटोवाल्याकडे नेणार आहे. ती नाहीच म्हणते.