दोष वाद्यात नव्हता

बेस गिटार वाजवायला लागून मला एकवीस वर्षं झाली. त्यातली पहिली बारा वर्षं मी एकच चूक वेगवेगळ्या प्रकारे करत आलो. आवाज बिघडला की हात ॲम्पच्या नॉबवर जायचा. केबलच्या दुसऱ्या टोकाला कोणतं पिकअप आहे, हे मी पाहतच नसे. या सवयीपायी एका ज्येष्ठ वादकाचा मी चारचौघांत अपमान केला. तेच मनावर राहिलं आहे, म्हणून लिहितो आहे.

माझी पहिली गिटार साधी, पॅसिव्ह पिकअपची. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच त्या पिकअपचा जीव. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत व्होल्टच्या अंशाइतकी वीज उमटते. पुढे मी जुन्या बाजारातून ॲक्टिव्ह गिटार घेतली. तिच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा प्रीॲम्प होता. तालमीच्या खोलीतल्या ॲम्पला ती नेहमीच्याच सॉकेटमध्ये जोडली, आणि आवाज फाटला. मास्टर व्हॉल्यूम कमी केला, तर लहान आवाजही फाटकाच. स्पीकरचा कोन गेला, असं मी मालकांना ठामपणे सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी तो उघडून घेतला, दुरुस्तीवाल्याचे पैसे दिले. कोन शाबूत होता.

ॲम्पवर शेजारी-शेजारी दोन सॉकेट होती, एक पॅसिव्हचं, एक ॲक्टिव्हचं. ॲक्टिव्हच्या सॉकेटला जोरकस सिग्नल आधी उतरवून घेण्याची सोय असते. मी तो सिग्नल थेट पहिल्या टप्प्यावर आदळत होतो. तिथे फाटलेला आवाज मास्टर खाली करून सांधत नाही. तो फक्त लहान होतो. त्या मालकांचे पैसे मी परत केले, पण वर्षभरानं.

त्याच गिटारीनं गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात दगा दिला, असं मी तेव्हा म्हणत होतो. खरं म्हणजे आदल्या रात्री मी जॅक गिटारीतच ठेवून झोपलो होतो. जॅक आत असला की बॅटरी चालूच राहते. ऐन लावणीत बेस क्षीण होत होत बंद पडला.

तिसरी चूक मात्र जिवावर बेतणारी होती. तेव्हा माझ्याकडे जॅझ बेस होती. १९६० साली बाजारात आलेल्या या घडणीत दोन सिंगल कॉइल पिकअप असतात आणि त्यांचे वेढे व चुंबक एकमेकांच्या उलट असतात. दोन्ही सारखे उघडे ठेवले की भोवतालच्या विजेची घरघर एकमेकांत विरते. एक मिटवलं की ती परत येते. मला मागच्या पिकअपचा खणखणीत आवाज हवा होता, म्हणून मी पुढचं मिटवलं. घरघर सुरू झाली. ॲम्पवर खालचे स्वर कापले, तर माझाच खर्ज गेला. साहजिकच होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ हर्ट्झचा. मग मी अर्थिंगवर संशय घेतला आणि तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावून अर्थिंगच तोडलं. घरघर तसूभर कमी झाली नाही. पण ॲम्पमध्ये काही बिघाड झाला असता, तर तारांवर बोटं आणि माइकला ओठ अशा अवस्थेत मी विजेच्या वाटेत उभा असतो. हे कोणीही करू नये.

एवढं होऊनही मी शिकलो नाही. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या एका कार्यक्रमाला डबल बास वाजवायला एक अंकल आले. मूळचे गोव्याचे, मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले. त्यांच्या घोडीला पिएझो पिकअप होता. मी त्यांची केबल माझ्या ॲम्पला लावली. आवाज पत्र्यासारखा आला, नुसती टकटक. मी बेसचा नॉब पूर्ण फिरवला, तर सगळं घुमायला लागलं. वैतागून सगळ्यांदेखत म्हणालो, "अंकल, वाद्यालाच खर्ज नाही. आज राहू द्या, मी गिटारवर वाजवतो." ते काही बोलले नाहीत. वाद्याला गवसणी चढवली आणि कार्यक्रमभर विंगेत बसून राहिले.

त्या पत्र्यासारख्या आवाजामागचं कारण मला काही महिन्यांनी एका साउंड इंजिनियरनं कागदावर मांडून दाखवलं. पिएझोला चुंबक लागत नाही. दाब पडला की त्याच्यात विद्युतभार निर्माण होतो, तोही अगदी थोडका. हा भार ॲम्पच्या इनपुटमधून झिरपून जातो. वेगवान कंपनात त्याला झिरपायला वेळ मिळत नाही. खर्जाचं कंपन संथ, तोवर भार ओसरलेला असतो. पिकअपची धारिता एक नॅनोफॅरड आणि इनपुटचा रोध एक मेगाओहम धरला, तर साधारण १६० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. डबल बासच्या चार मोकळ्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. चारही त्या रेषेखाली. सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर जेमतेम चौथाई उरतो. इनपुट दहा मेगाओहमचा असेल, तर तीच रेषा १६ हर्ट्झवर जाते आणि पूर्ण वाद्य ऐकू येतं. चुंबकाच्या पिकअपला एक मेगाओहम पुरेसा होता, म्हणून मी तो सगळ्यांना पुरेसा धरला होता.

दहा मेगाओहमचा छोटा प्रीॲम्प विकत घेऊन मी अंकलच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी माझा तळहात डबल बासच्या पोटावर ठेवला आणि खालची मोकळी तार छेडली. लाकडातून तो स्वर मनगटापर्यंत चढला. मग आम्ही प्रीॲम्प घोडीजवळ लावला, तिथून आखूड केबल ॲम्पला जोडली. नॉब सगळे मध्यावर. त्यांनी तीच तार छेडली. तळहाताला जे जाणवलं होतं, ते आता कानांना ऐकू आलं.

अंकलनी तार हातानं थांबवली आणि विचारलं, "त्या दिवशी मला विचारलं का नाहीस, हा पिकअप कसला म्हणून?"

विचारायला एक मिनिट लागलं असतं. आता कुणाचीही केबल हातात घेतली, की आधी तेच विचारतो.