तांब्याच्या गावाला गेलेलं मोहगावचं बिऱ्हाड

आपल्या मोहगाव-सौंसर पट्ट्यात खाण म्हटली की मँगनीजची. बाबाही तिथंच कामाला लागले होते. पण १९७६ साली ते तांब्याच्या खाणीत गेले, तेही राजस्थानात, झुंझुनू जिल्ह्यातल्या खेतडीला. नागपूरहून दिल्ली, तिथून बस. मग रेती, खेजडीची झाडं अन् अरवलीचे उघडे डोंगर. संत्र्याच्या बागा पाहत वाढलेली माय आठ दिवस धड बोललीच नाही म्हणतात.

तिला वाटायचं, खाणीत तांबं लालच निघत असेल. बाबांनी दाखवलेला दगड पितळेसारखा पिवळा! शंभर किलो दगडात तांबं जेमतेम किलोभर. दगड दळून पाण्यात घालायचा, तेल टाकून फेस काढायचा. फेसाबरोबर तांब्याचं पीठ वर येतं, ते भट्टीत जातं. पुढे १९८२ ला आपल्या बालाघाटकडचं मलाजखंड सुरू झालं अन् तिथलं पीठही खेतडीच्या भट्टीला येऊ लागलं. "माहेरचा माल आला," बाबा मायला चिडवायचे.

तिथला हा धंदा फार जुना. सिंघाण्याच्या तांब्याच्या खाणींचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे. सीकर जिल्ह्यातल्या गणेश्वरला तर चार हजार वर्षांपूर्वीची तांब्याची बाणाची टोकं अन् मासे धरायचे गळ सापडलेत. वाळवंटात गळ!

आमच्या घरात तांबं म्हणजे मोहगावहून नेलेला एकच तांब्या. पाडव्याला वेळू मिळेना, तर बाबांनी कुठूनशी लोखंडी नळी आणली अन् तिच्यावर गुढी उभारली. शेजारची राजस्थानी काकू म्हणाली, "लोटा उलटा क्यूं?" मायला हिंदीत सांगता येईना. तिनं काकूच्या हातावर कडुनिंबाचा फुलोरा अन् गूळ ठेवला.

बाबा पिंजऱ्यातून खाली जायचे. रात्रपाळी असली की माय त्याच तांब्यात पाणी भरून उशाशी ठेवायची अन् ते घरी येईपर्यंत कोणाला हात लावू द्यायची नाही. आम्हाला तहान लागली तर माठ होता.

२००८ ला भट्टी बंद झाली, तेव्हा बाबा रिटायर होऊन मोहगावला आले होते. खाणी चालूच होत्या. बातमी वाचून दाखवली तर त्यांनी एवढंच विचारलं, "खालचं पाणी उपसतात ना अजून?"