स्टेपनी नसलेली गाडी

माझं सगळं आयुष्य स्टेपनीवाल्या गाडीवर गेलं. आधी वडिलांची चेतक, मग माझी चेतक. पंक्चर झाली की पेट्रोलचा कॉक बंद करायचा, गाडी एका कुशीवर कलती करायची, नट काढायचे आणि मागे लटकणारं चाक बसवून चालू पडायचं. पुढचं चाक मागे चालायचं, मागचं पुढे. हात काळे व्हायचे, डोकं चालवावं लागायचं नाही. त्यामुळे भाचा बंगळुरूला गेला आणि 51व्या वर्षी त्याची मोटरसायकल माझ्या गळ्यात पडली, तेव्हा हातातले गिअर पायात गेले एवढीच मला धास्ती होती. बाकीचं बायकोच्या लक्षात आलं.

“अहो, ताम्हिणीतून माणगावला निघालात खरे, पण वाटेत पंक्चर झाली तर?”

मी गाडीभोवती एक फेरी मारली. स्टेपनी कुठेच नव्हती.

नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो आणि पंक्चरचं किट मागितलं. पोऱ्याने विचारलं, “ट्यूब की ट्यूबलेस?”

“मोटरसायकल,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि आवाज जरा खाली आणला. रस्त्यावर उकिडवं बसून मी टायरच्या कडेवरची अक्षरं वाचली. ट्यूबलेस लिहिलं होतं. परीक्षेत एक तरी उत्तर बरोबर आलं म्हणून मी ऐटीत आत गेलो.

मग काउंटरवर मांडामांड सुरू झाली. एक आडव्या मुठीची कानस, म्हणजे रिमर. दुसरी तशाच मुठीची, टोकाला चिरलेलं नेढं असलेली सुई. काकवीत बुडवून काढलेल्या सुतळीसारख्या चॉकलेटी, चिकट पट्ट्या. सोल्युशनची ट्यूब, कटर. खिळा उपटायचा, भोक कानशीने घासायचं, पट्टी सुईत ओवून आत खुपसायची, सुई हिसक्याने बाहेर, झालं. दुसऱ्या डबीत मशरूम होते: भूछत्रासारखी रबरी टोपी टायरच्या आत बसते, दांडा भोकात अडकतो. दिसायला हेच सुबक. पण ते आत सोडायला वेगळं हत्यार लागतं, आणि स्टीलचे पट्टे असलेल्या रेडियल टायरमध्ये त्या तारा दांडा कापू शकतात, असं पोऱ्याच म्हणाला. तिसरी होती हिरव्या जेलची बाटली. व्हॉल्व्हमधून आत ओतायचं, ते भोक शोधत जातं. आळशी माणसाला आवडावी अशीच वस्तू. मी हात पुढे केला, तेवढ्यात शेजारचं गिऱ्हाईक पुटपुटलं, “नंतर पंक्चरवाला शिव्या घालतो बरं का.” टायरच्या आत तो राडा साफ करावा लागतो म्हणे. मी हात मागे घेतला.

पट्टीचं किट घ्यायचं ठरलं. पैसे काढताना सहज विचारलं, “आणि हवा?”

“हवा काय काका, कुठंपण मिळते.”

मला मुळशीच्या पुढचा रस्ता आठवला. धरणाचं पाणी, जंगल, मोबाईलला रेंज नाही. हवा तिथे मुबलक, पण टायरच्या बाहेर. तीन दिवस या विषयावर जो तो मला सल्ले देत होता, आणि सगळ्यांचा जीव भोकात अडकलेला होता. भोक बुजवल्यावर चपटा टायर पुन्हा फुगणार कशाने, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पोऱ्याने नाइलाजाने कपाट उघडलं. कार्बन डायऑक्साइडची बोटाएवढी 16 ग्रॅमची नळकांडी: क्षणात हवा, पण मागच्या टायरला एक पुरायचं नाही, आणि संपली की संपली. बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर: छानच, पण माझ्या गाडीची बॅटरी कुठे असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायची लाज वाटली. शेवटी पायाने दाबायचा पंप घेतला. बोजड आहे, पण त्याला माझे पाय सोडून दुसरं काही लागत नाही.

निघण्याआधी सराव हवा म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने किटकडे पाहिलंच नाही. मागच्या चाकाशी बसला, व्हॉल्व्हला बोट लावलं.

“काका, ह्यात ट्यूब आहे.”

“टायरवर तर ट्यूबलेस लिहिलंय!”

“टायर ट्यूबलेसच आहे. आत कुणीतरी ट्यूब घातलीय.” त्याने पुढचं चाक दाखवलं. तिथे व्हॉल्व्ह रबरी, थेट रिममधून उगवल्यासारखा. मागे धातूचा, आट्यांचा, आणि रिमला टेकलेला एक नट. मी महिनाभर ही गाडी पुसत होतो. तो नटसुद्धा चमकवला होता. या टायरला रिमर लावला असता तर एका खिळ्याच्या भोकाच्या जागी ट्यूबच्या चिंध्या झाल्या असत्या.

भाच्याला फोन लावला. “हो मामा, एकदा रात्री पंक्चर झाली होती, त्या माणसाकडे पट्टी नव्हती. राहून गेलं सांगायचं.”

पंक्चरवाल्याने रिम फिरवून पाहिली. वाकलेली नव्हती. ट्यूब काढली, जुनं भोक बुजवलं, रबरी व्हॉल्व्ह बसवला, हवा भरून कडेला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. आता गाडी किटच्या लायकीची झाली.

मग एका भंगार टायरवर माझी शिकवणी. रिमर आत जाईना. बिनहवेचा टायर उशीसारखा दबत होता. “अंगाचं वजन टाका,” तो म्हणाला. टाकलं, तळहाताला फोड आला. पहिली पट्टी सुईबरोबर बाहेर आली, कारण मी सुई हळूच, जपून काढली. “इथं दया दाखवायची नाही.” तिसऱ्या खेपेला हिसका जमला, पट्टी बसली, बाहेर उरलेली शेपटी कापली. खिळा टायरच्या तळव्यात असेल तरच हा उद्योग करायचा, कडेच्या भिंतीत असेल तर किटला हात लावायचा नाही, हे त्याने दोनदा बजावलं. आणि एकदा उघडलेली सोल्युशनची ट्यूब वाळून जाते, तेव्हा नवी घ्या. पैसे फक्त व्हॉल्व्हचे घेतले. घरी पायपंपाने मागचा टायर शून्यापासून 28 पर्यंत भरून पाहिला. 112 वेळा दाबावं लागलं. बायको गॅलरीतून मोजत होती.

त्या रविवारी निघालो. निवे गाव मागे पडल्यावर एका वळणावर हिरवी चेतक उभी दिसली आणि शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ, हात कमरेवर. माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. चेतकचं मागचं चाक बसलं होतं.

“स्टेपनी आहे की!” मी म्हणालो.

“आहे ना. तीपण बसलीय. वर्षभर हवा कोण बघतंय?”

मी डिकीतून पंप काढला. स्टेपनी लहान, दहा इंची. पन्नाशीच्या आतच कडक झाली. मग आम्ही दोघांनी न बोलता चेतक कलती केली. त्याने पाना घेतला, तसा मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. नट कुठल्या क्रमाने ढिले करायचे ते माझ्या बोटांना अजून ठाऊक होतं.

हात पुसताना त्याने माझ्या डिकीत डोकावून किटचा करकरीत डबा उचलला, उघडला, रिमर उजेडात धरून पाहिला.

“हे कशाला असतं?”

मी शेजारच्या दगडावर बसलो आणि म्हटलं, “आधी सांगा, तुमची ट्यूब की ट्यूबलेस?”