चिकटवण्याआधी विचार करा

गोष्ट आमच्या वस्तीतील विहाराची आहे. 2009 च्या भीमजयंतीला गल्लीतल्या पेंटरकाकांनी बाबासाहेबांचे तैलचित्र काढून दिले. काका दुकानांच्या पाट्या रंगवून संसार चालवीत. कॅनव्हासचे पैसे महिला मंडळाने वर्गणीतून दिले. काकांनी मजुरी घेतली नाही.

जयंती दोन दिवसांवर आलेली, चौकट तयार नाही. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस. "प्लायवर चिकटवून टाकू, काम पक्के होईल," असे मीच म्हणालो. सुताराकडचा पांढरा गोंद फासला आणि वरून कॅनव्हास दाबला. मिरवणुकीत चित्र मोठे देखणे दिसले.

दोन पावसाळे गेले. विहाराच्या भिंतीला ओल. प्लाय फुगला, कॅनव्हासखाली फोड आले. सोडवायला गेलो, तर कपाळावरचा रंग पापुद्र्यासारखा गळून पडला. काका शेजारीच उभे होते. "राहू दे बाळा," एवढेच म्हणाले. ते शब्द अजून टोचतात.

मी कारकून माणूस. हिशेबात चूक झाली तर उलट नोंद करून दुरुस्त करता येते. गोंदाने चिकटवलेल्या चित्राला उलट नोंद नाही.

काका आता कालकथित झाले. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने बुद्धाच्या चित्राचा गुंडाळलेला कॅनव्हास आणून दिला. तरुण मुले म्हणाली, "दादा, फळीवर चिकटवू या." या वेळी मी आधी एका जाणकाराला विचारले.

पांढरा गोंद स्वस्त, पण एकदा सुकला की सुटत नाही. खळ पाण्याने सुटते, पण दमट हवेत तिला बुरशी आणि कसर लागते, शिवाय पाणी रंगालाही बाधते. संग्रहालयात उष्णतेने चिकटणारा आणि उष्णतेनेच सुटणारा गोंद वापरतात. तो चांगला, पण त्याला शिकलेला हात लागतो.

आमच्या चित्राला चारही बाजूंनी कोरा काठ होता, कापडही अजून मऊ होते. म्हणून आम्ही गोंदच टाळला. प्लाय चित्राच्या मापाचा कापला, त्याला दोन्ही अंगांनी आणि कडांनाही प्रायमर दिला, म्हणजे ओल सहज शिरत नाही. तो पूर्ण वाळू दिला. मग काठ मागे दुमडून पितळी चुका ठोकल्या. लोखंडी चुका गंजून कापड खातात. आधी चारही बाजूंच्या मध्यावर, मग समोरासमोर ताणत कोपऱ्यांकडे. भिंत आणि फळी यांत हवा खेळावी म्हणून मागे लाकडी पट्ट्या मारल्या. उद्या गरज पडली तर चुका काढल्या की चित्र मोकळे.

काठ नसेल, कापड कडक झाले असेल किंवा रंग तडकला असेल, तर मात्र स्वतः हात लावू नका, जाणकाराला दाखवा.

फळीच्या मागे आम्ही काकांचे नाव लिहिले आहे. पहिले चित्र टाकून दिलेले नाही. ते विहाराच्या कपाटात आहे. आपल्या माणसांनी कष्टाने केलेल्या वस्तूला घाईने हात लावू नये, एवढे मी त्याच्याकडून शिकलो.