लोअर, पण कशापेक्षा?

भोसरीच्या एमआयडीसीजवळ मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. आयटीआय करून फिटर, टर्नर, मशिनिस्ट झालेली मुलं-मुली पहिली शिफ्ट संपवून येतात. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं, बरीचशी मराठवाड्यातून आलेली. फाडफाड इंग्रजी बोलायची त्यांना घाई नसते. मशिनशेजारी लावलेला सूचनांचा कागद सुपरवायझरला न विचारता वाचता यावा, एवढी त्यांची मागणी असते. ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्या कागदावर त्यांची बोटं, त्यांचा जॉब आणि त्यांचा पगार अवलंबून असतो.

लेथवर काम करणाऱ्या एका मुलाने वहीत एक वाक्य उतरवून आणलं होतं : ‘फॉर हार्डर मटेरिअल, द कटिंग स्पीड मस्ट बी केप्ट लोअर.’ तो म्हणाला, “मॅडम, शब्द सगळे येतात. पण वाक्य हाताला लागत नाही.”

त्याची अडचण खरी होती. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत ‘चेंज द व्हॉइस’ आणि ‘चेंज द डिग्री’ हे दोन्ही प्रश्न मुलं शेकडो वेळा सोडवतात. पण एका प्रश्नात आंबा खाल्ला जातो आणि दुसऱ्यात कोणीतरी कोणापेक्षा तरी उंच असतं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात क्वचितच भेटतात. कारखान्यात मात्र त्या रोज हातात हात घालून येतात : मस्ट बी केप्ट लोअर, शुड बी मेड टाइटर, कॅन बी सेट हायर. म्हणून त्या वहीतलं वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि पुढचे काही वर्ग त्याच्याभोवतीच घेतले.

सुरुवात साध्या वाक्यापासून केली : ‘वुई मस्ट कीप द स्पीड लोअर.’ आपण वेग कमी ठेवलाच पाहिजे. आता ‘वुई’ काढायचं आणि ‘द स्पीड’ पुढे आणायचं. ‘मस्ट’ हलत नाही. त्याच्यामागे ‘बी’ येतो, ‘कीप’चा ‘केप्ट’ होतो आणि ‘लोअर’ होता तिथेच, क्रियापदाच्या मागे राहतो. मुलं गोंधळतात ती इथेच. मराठीत विशेषण क्रियापदाच्या आधी येतं, ‘वेग कमी ठेवावा’. त्यामुळे त्यांना ‘लोअर’ उचलून पुढे न्यावासा वाटतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘बी’ गळणं, ‘शुड मेड’ लिहिणं. मोडल (मस्ट, शुड, मे, कॅन यांसारखा सहायक शब्द), मग बी, मग क्रियापदाचं तिसरं रूप, मग तुलनेचं विशेषण, हा क्रम मी त्यांच्याकडून मोठ्याने म्हणून घेतला.

एक गैरसमजही काढावा लागला. शाळेत बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलेलं असतं की पॅसिव्ह म्हणजे आपला कर्मणी प्रयोग. पण ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी असला, तरी इंग्रजीत ते वाक्य अ‍ॅक्टिव्हच होतं. पॅसिव्हच्या जवळ जातं ते ‘आंबा खाल्ला जातो’, ज्याला आपली व्याकरणाची पुस्तकं नवीन कर्मणी म्हणतात. आणि मोडल असलेल्या पॅसिव्हच्या अगदी जवळची रचना तर या मुलांनी गावाकडे कितीदा वाचलेली असते. ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जात असतं : ‘सदर रस्ता अधिक रुंद करण्यात यावा.’ मी विचारलं, हे इंग्रजीत कसं सांगाल? थोडा वेळ कुजबुज झाली आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं : ‘द रोड शुड बी मेड वाइडर.’ कर्ता नाही, अपेक्षा आहे, तुलना आहे. सगळं जागच्या जागी. त्यानंतर वर्गात अर्जातली वाक्यं सुचवण्याची चढाओढ लागली. पाणीपुरवठा अधिक नियमित करण्यात यावा, वर्गखोल्या अधिक मोठ्या करण्यात याव्यात. रचना ओळखीची निघाली, की भीती जाते.

मोडलला मी जास्त वेळ दिला, कारण कारखान्यात त्याचंच वजन मोठं. ‘मस्ट बी केप्ट’ म्हणजे ठेवलंच पाहिजे. ‘शुड बी केप्ट’ म्हणजे ठेवावं. ‘मे बी केप्ट’ म्हणजे ठेवायला हरकत नाही. ‘कॅन बी केप्ट’ म्हणजे ठेवता येतं. मराठीत हे चारही भेद आपण बोलताना सहज पाळतो. इंग्रजी वाचताना मात्र मुलं सगळ्यांचा अर्थ ‘ठेवा’ असाच घेतात. आयएसओच्या मानकांमध्ये हे फरक ठरवूनच दिलेले आहेत : ‘शॅल’ (आपल्या ‘मस्ट’च्या जागी) म्हणजे बंधनकारक गरज, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘कॅन’ म्हणजे शक्यता किंवा क्षमता. आयएसओ 9001च्या 2015च्या आवृत्तीत हे प्रस्तावनेतच सांगितलेलं आहे. अनेक छोटे कारखानेही या मानकाचं प्रमाणपत्र घेतात, त्यामुळे ही भाषा थेट शॉप फ्लोअरवर उतरते. अ‍ॅल्युमिनिअमसाठी ‘स्पीड कॅन बी केप्ट हायर’ लिहिलेलं असेल, तर वेग वाढवता येतो, सक्ती नाही. कठीण पोलादासाठी ‘मस्ट बी केप्ट लोअर’ असेल, तर तिथे निवड उरत नाही. टूलची धार जाईल.

मग विशेषण की क्रियाविशेषण, हा प्रश्न आला. ‘द फ्लोअर शुड बी केप्ट क्लीनर’ आणि ‘द फ्लोअर शुड बी क्लीन्ड मोअर केअरफुली’ यांत फरक काय? पहिल्यात फरशी कशी असावी ते सांगितलंय, दुसऱ्यात काम कसं करावं ते. याची कसोटी आम्हाला मराठीतच सापडली. ‘भोक मोठं पाडावं’, ‘फट मोठी ठेवावी’, ‘खड्डा मोठा करावा’ असं आपण म्हणतो. वस्तूचं लिंग बदललं की मोठा, मोठी, मोठं असं रूप बदलतं, कारण तो शब्द वस्तूचा आहे. ‘भोक हळू पाडावं’, ‘फट हळू भरावी’ यात ‘हळू’ बदलत नाही, कारण तो शब्द कामाचा आहे. शंका आली की त्या जागी ‘मोठा’ घालून पाहायचं. तो वस्तूप्रमाणे बदलत असेल, तर इंग्रजीत विशेषण : लार्जर, टाइटर. बदलणारा शब्द तिथे बसतच नसेल, तर मोअर स्लोली, मोअर केअरफुली. ‘द होल शुड बी मेड लार्जर’ आणि ‘द होल शुड बी ड्रिल्ड मोअर स्लोली’ ही दोन वाक्यं त्या दिवशी प्रत्येकाने स्वतः तयार केली.

‘मोअर टाइटर’ हा दोष मात्र लवकर जात नाही. मराठीत ‘जास्त घट्ट’ म्हणताना ‘घट्ट’ तसाच राहतो, तुलनेचा भार ‘जास्त’वर असतो. म्हणून ‘मोअर’ आपोआप येतो आणि शाळेत पाठ केलेला ‘अर’ही मागून चिकटतो. टाइट, लो, वाइड यांसारख्या छोट्या शब्दांना ‘अर’ पुरेसा. हेवी, ड्राय यांचे हेविअर, ड्रायर. अ‍ॅक्युरेट, केअरफुल अशा लांब शब्दांना फक्त ‘मोअर’. दोन्ही एकदम कधीच नाहीत.

एवढं झाल्यावर आम्ही पुन्हा ‘लोअर’पाशी आलो. ड्रिलिंग करणाऱ्या एका मुलीने विचारलं, “कमी म्हणजे किती कमी? कशापेक्षा?” तिच्या मशिनवर लिहिलं होतं की मोठ्या ड्रिलसाठी आरपीएम लोअर ठेवावेत. आम्ही हिशेब केला. कटिंग स्पीड मिनिटाला 25 मीटर धरला, तर 10 मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे 800 आरपीएम येतात आणि 20 मिलिमीटरच्या ड्रिलला सुमारे 400. व्यास दुप्पट, आरपीएम निम्मे. म्हणजे ‘लोअर’च्या मागे एक सूत्र उभं होतं, फक्त ‘दॅन’ लिहिलेला नव्हता. ड्रॉइंगवर ‘शॅल नॉट बी लार्जर दॅन 20.05’ असं असतं, तेव्हा हा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या दिवशी ती सेटिंगचा तक्ता पाहून आली. त्यात आकडे होते, फक्त कागदावर आलेले नव्हते.

त्या वर्गांतून मला एक पद्धत मिळाली आणि ती मी आता सोडत नाही. अशा प्रत्येक वाक्याला मुलं तीन प्रश्न विचारतात. मोडल किती बांधतोय? ‘बाय’ नाही, मग हे काम कोणाचं? ‘दॅन’ नाही, मग तुलना कशाशी? पहिल्याचं उत्तर वाक्यातच असतं. दुसऱ्याचं कार्यपद्धतीच्या कागदातल्या जबाबदारीच्या रकान्यात शोधायचं. तिसऱ्याचं तक्त्यात किंवा ड्रॉइंगमध्ये. उत्तर कुठेच नसेल, तर काम सुरू करण्याआधी सुपरवायझरला विचारायचं आणि ते विचारणं हा आपला अधिकार समजायचा.

शाळेतही व्हॉइस आणि डिग्री हे दोन धडे असे एकत्र आणावेत, निदान नववी-दहावीत, असं मला मनापासून वाटतं. रामाच्या आंब्याऐवजी रस्ता, पाणी, यंत्र, औषधाची बाटली यांवरची वाक्यं द्यावीत. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी येत नाही असं आपण फार लवकर म्हणतो. त्याला हवी असते ती वाक्याला प्रश्न विचारण्याची सवय आणि आपल्या मराठीत ती रचना आधीपासून आहे, ही खात्री. या दोन गोष्टी मिळाल्या, की कागदावरची सूचना त्याच्यासाठी नुसता हुकूम राहत नाही. ती कामाची माहिती होते आणि तिच्यावर विसंबून तो स्वतः निर्णय घेऊ शकतो.