ऐश म्हणजे भाकरी!

अरबी शिकायला कैरोला आलात की पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो : कुठली अरबी? कारण इथे अरबी दोन आहेत. एक ‘फुसहा’, म्हणजे पुस्तकांची आणि बातम्यांची प्रमाण भाषा. ही मोरोक्कोपासून इराकपर्यंत सगळीकडे चालते. दुसरी ‘आम्मिया’, म्हणजे रस्त्यावरची बोली. त्यातही इजिप्तची आम्मिया सिनेमा आणि रेडिओमुळे जवळपास अख्ख्या अरब जगाला कळते. गल्फमधली नोकरी किंवा ट्रान्सलेशनचं करिअर डोक्यात असेल, तर फुसहाशिवाय पर्याय नाही. पण फुसहात टॅक्सीवाल्याशी बोलणं म्हणजे आपल्या रिक्षावाल्याला ‘कृपया त्रिचक्री डावीकडे वळवावी’ सांगण्यासारखं! म्हणून मी सकाळी क्लासमध्ये फुसहा शिकायचे आणि संध्याकाळी गल्लीतल्या कॅफेत आम्मिया.

मराठी माणसाची इथे सुरुवातीला जाम मजा असते. खुर्ची म्हणजे ‘कुर्सी’, साबण म्हणजे ‘साबून’, दुकान म्हणजे ‘दुक्कान’. हॉटेलात बिल हवं असेल तर मागायचा ‘हिसाब’. शेकडो वर्षांपूर्वी फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले हे शब्द. अर्धा शब्दकोश घरूनच आणल्यासारखं वाटतं. पण थांबा बॉस, शब्द ओळखीचा असला म्हणून अर्थ तोच असेल असं नाही.

साधी कॉफीच घ्या. कैरोत कॉफीला ‘आहवा’ म्हणतात आणि ती मिळते त्या कट्ट्यालाही ‘आहवा’च. मूळ शब्द कहवा, पण त्यातला घशातला ‘क’ कैरोकर गिळून टाकतात. साखर किती ते ऑर्डर देतानाच सांगायचं, कारण ती कॉफीबरोबरच उकळते. बिनसाखरेची ‘सादा’, जास्त गोड ‘झियादा’. आणि ‘मझबूत’? स्ट्राँग नव्हे! मझबूत म्हणजे बरोब्बर मापातली, बेताची गोड.

सकाळच्या नमस्काराचाही वेगळा फंडा आहे. ‘सबाह इल-खैर’ला तेच उत्तर परत द्यायचं नाही. त्याला उत्तर ‘सबाह इन-नूर’, प्रकाशाची सकाळ. दुकानदार मूडमध्ये असेल तर ‘सबाह इल-फुल्ल’, मोगऱ्याची सकाळ. आणखी खूश असेल तर ‘सबाह इल-इश्ता’, चक्क सायीची सकाळ! समोरच्याने दिलं त्यापेक्षा थोडं जास्त परत द्यायचं. पैसे पुढे केले की हाच दुकानदार ‘खल्ली’ म्हणतो, म्हणजे ‘राहू द्या हो’. ती रीत असते. आग्रह करून पैसे द्यायचेच!

पण मला कैरो खऱ्या अर्थाने कळलं ते ‘ऐश’ या शब्दामुळे. आपल्याकडे ऐश म्हणजे लोणावळ्याचा वीकएंड किंवा नवी बाइक. मूळ अरबी अर्थ जगणं. बाकीच्या बहुतेक अरब देशांत भाकरीला ‘खुब्झ’ म्हणतात, इजिप्तमध्ये मात्र ‘ऐश’. म्हणजे भाकरी आणि जगणं, शब्द एकच. गल्लीतल्या भट्टीतून गरम, फुगलेली ‘ऐश बलदी’ बाहेर येते. ती लाकडी पट्ट्यांच्या जाळीवर रचून, जाळी डोक्यावर तोलत सायकलवाला भर ट्रॅफिकमधून सुटतो, तेव्हा आपलाच श्वास अडकतो.

या भाकरीला हात लावणं सोपं नाही. १९७७ च्या जानेवारीत सरकारने सबसिडी कापायचं ठरवलं, देशभर दंगली पेटल्या आणि निर्णय लगोलग मागे घ्यावा लागला. २०११ मध्ये तहरीर चौकात गाजलेली घोषणा ‘ऐश’नेच सुरू व्हायची, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय त्यानंतर. रेशनवरच्या ऐशचा भाव तीन दशकांहून जास्त काळ ५ पियास्तर होता. जून २०२४ मध्ये तो २० पियास्तर झाला. शंभर पियास्तरचा एक पाउंड, म्हणजे आपल्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण मोठं कुटुंब रोज इतक्या भाकऱ्या घेतं, की चौपट म्हणजे चौपटच. असल्या निर्णयाची बातमी फुसहात छापून येते, रांगेतला राग मात्र आम्मियात असतो. शहर समजायचं तर दोन्ही यायला हव्यात.

जाताय? मग एवढं कराच
* फुसहा आणि आम्मिया, दोन्हींचे कोर्स घ्या.
* वीकएंड शुक्रवार-शनिवारी असतो. रमजानमध्ये सगळ्याच वेळा बदलतात.
* खिशात ‘फक्का’, म्हणजे सुट्टे पैसे ठेवा.
* होमवर्क झाला की भट्टीसमोरच्या रांगेत उभे राहा. तिथली आम्मिया कुठल्याच पुस्तकात नाही!