शेवटचा बाक कुणाचा?

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. आम्हाला बाक मिळाला, पण शेवटचा. एम.ए.च्या वर्गात तोंड उघडायला आम्हाला वर्ष लागले.

म्हणूनच अमेरिकेतल्या फिलिप्स एक्झेटर अकादमीबद्दल वाचताना आम्ही थबकलो. कॉलेजसाठी मुले तयार करणारी ही खासगी निवासी शाळा जॉन फिलिप्स यांनी १७८१ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये काढली. १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस यांनी मोठी देणगी दिली आणि वर्गातल्या बाकांच्या रांगाच गेल्या. लंबगोल टेबलाभोवती बाराएक विद्यार्थी आणि शिक्षक बसतात, वाचून आलेल्या विषयावर वाद घालतात. तिथे शेवटचा बाकच नाही.

पण त्या टेबलापर्यंत पोचतो कोण? मुलींना १९७० पर्यंत प्रवेश नव्हता. वर्षाला ७५ हजार डॉलरपर्यंत कमावणाऱ्या घरांतील मुलांना मोफत शिक्षण जाहीर झाले ते २००७ मध्ये.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. फाटक थोडे उघडले, पण आतली बसण्याची रीत बदलली का? प्रवेश आणि बरोबरीची जागा, दोन्हींसाठी भांडावे लागेल.

विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही सतरंज्या गोलाकार टाकल्या. पहिला प्रश्न विचारला तो कधीच न बोलणाऱ्या नववीतल्या मुलीने. मित्रांनो, तुमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुले कशी बसतात?

जय भीम!